सीरियल पोर्टसाठी जुनी सी किंवा जावा लायब्ररी नव्या भाषेतून कशी वापरायची

वजनकाटे, पीएलसी (कारखान्यातले नियंत्रक), जीपीएस मॉड्यूल, वीजमापक, प्रयोगशाळेतली मोजमाप यंत्रे, थ्रीडी प्रिंटर. यांतली बरीच यंत्रे आजही सीरियल पोर्टवरूनच, म्हणजे तारेवरून एकामागोमाग एक बिट पाठवूनच, बोलतात. त्यासाठीचे आरएस-२३२ हे मानक १९६० साली आले, यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९ साली. दोन्ही अजून कामावर आहेत. असे यंत्र एकदा बसवले की वीस-वीस वर्षे हलत नाही. प्रोग्रामिंगच्या भाषा मात्र त्या मानाने भराभर बदलतात. गोची पहिली स्थिर आवृत्ती २०१२ ची, रस्टची २०१५ ची, कॉटलिनची २०१६ ची. त्यामुळे नवा प्रकल्प नव्या भाषेत सुरू होतो आणि पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो: पोर्ट उघडायचा कशाने?

उत्तर बहुतेक वेळा एकच असते. सी किंवा जावामध्ये लिहिलेली, वर्षानुवर्षे वापरात असलेली लायब्ररी घ्यायची आणि ती नव्या भाषेतून हाक मारून वापरायची. हाक मारणे अवघड नाही, दुपारभरात जमते. अवघड आहे ते त्या लायब्ररीचे न लिहिलेले करार ओळखणे: मेमरी कोणाची, वाट कोण पाहणार, आणि चूक झाली तर ती कशी कळणार. या लेखाचा भर त्यावरच आहे.

आधी, जुनी लायब्ररी घ्यायचीच कशाला?

लिनक्सवर सीरियल पोर्ट म्हणजे वरवर पाहता एक फाइल. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. नव्या भाषेत फाइल उघडायची सोय असतेच, मग मधे लायब्ररी कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ती फाइल मुळात टर्मिनलसाठी घडवलेली आहे. पलीकडे माणूस बसला आहे आणि तो कीबोर्डवर ओळी टाइप करतो आहे, असे गृहीत धरून ऑपरेटिंग सिस्टिम वागते. पूर्ण ओळ आल्याशिवाय ती प्रोग्रामला काही देत नाही. १३ हा बाइट आला की त्याचा १० करते. आलेले अक्षर परत पाठवते, म्हणजे यंत्राला स्वतःचेच उत्तर ऐकू येते. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू असेल तर १७ आणि १९ हे बाइट 'चालू करा' आणि 'थांबा' अशा खुणा समजून गिळून टाकते.

मजकूर पाठवणाऱ्या यंत्राशी बोलताना यातले काही लक्षातही येत नाही. बायनरी माहिती पाठवणाऱ्या यंत्राबरोबर मात्र एखाद्या मोजमापात योगायोगाने १३ किंवा १९ आला की चेकसम (तपासणीचा आकडा) चुकतो, आणि तोही अधूनमधून. असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. हे सगळे बंद करून पोर्ट 'रॉ' अवस्थेत न्यायचा, तर टर्मिऑस या पॉझिक्स इंटरफेसमधले डझनभर बिट नीट लावावे लागतात. विंडोजवर हीच गोष्ट डीसीबी नावाच्या स्ट्रक्चरमधून आणि वेगळ्याच टाइमआउटच्या नियमांनी करावी लागते. शिवाय तिथे कॉम१० आणि त्यापुढच्या पोर्टांची नावे एका खास उपसर्गाशिवाय उघडतच नाहीत. मॅकओएसवर एकाच पोर्टाच्या दोन फाइली दिसतात, आणि त्यातली चुकीची निवडली तर उघडण्याचा कॉल कॅरियर सिग्नलची वाट पाहत अडकून बसतो.

जुन्या लायब्ररीत हे सगळे शिकून झालेले असते. सिग्रोक प्रकल्पातून आलेली लिबसीरियलपोर्ट ही सी लायब्ररी घ्या. ती लिनक्स, विंडोज, मॅकओएस या तिन्हींवर चालते, पोर्टांची यादी देते आणि वरचे सगळे बिट स्वतः लावते. हा अनुभव पुन्हा पहिल्यापासून गोळा करण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

मात्र एक गोष्ट आधी तपासा. आपल्या भाषेत हे काम कोणी आधीच नीट केले आहे का? रस्टमध्ये 'सीरियलपोर्ट' नावाचे क्रेट (रस्टचे पॅकेज) थेट ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलते, पायथनमध्ये पायसीरियल आहे. तेवढ्याने भागत असेल तर जुनी लायब्ररी ओढून आणू नका. ती लागते ती दोन परिस्थितींत: आपली भाषा अजून लहान आहे आणि तिच्यात असे काही नाही, किंवा यंत्राच्या निर्मात्याने स्वतःचा प्रोटोकॉल सीच्या लायब्ररीत बांधून दिला आहे आणि दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

हाक कशी पोचते

सीमधले फंक्शन कंपाइल झाले की त्याचे सी असे काही उरत नाही. उरते एक नाव, एक पत्ता आणि एक शिस्त: पहिला आर्ग्युमेंट कोणत्या रजिस्टरमध्ये, दुसरा कोणत्या, उत्तर कुठे ठेवायचे. या शिस्तीला एबीआय म्हणतात. नवी भाषा ती शिस्त पाळायला तयार असेल तर ती सीचे कोणतेही फंक्शन बोलावू शकते. रस्टमध्ये 'एक्स्टर्न सी' असे लिहून, गोमध्ये सीगोमधून, पायथनमध्ये सीटाइप्समधून. जावाकडे जेएनआय १९९७ पासून आहे, आणि मार्च २०२४ मधल्या जावा २२ मध्ये फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआय कायमस्वरूपी आले, त्यामुळे मधे सीचा चिकटकोड लिहिण्याची गरज उरली नाही.

अडचण अशी, की या शिस्तीत प्रकार तपासायला कोणी नसते. फंक्शन चार बाइटांचा आकडा मागते आणि तुम्ही आठ बाइटांचा दिला, तर हरकत घेणारा कंपाइलर तिथे नाही. सीचा 'लाँग' ६४ बिटी लिनक्सवर आठ बाइटांचा असतो आणि ६४ बिटी विंडोजवर चारच बाइटांचा. सीटाइप्समध्ये परतीचा प्रकार सांगितला नाही तर ती तो साधा पूर्णांक धरते, आणि ६४ बिटांचा पॉइंटर अर्धा कापला जातो. म्हणून या घोषणा हाताने लिहू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. रस्टचे बाइंडजेन किंवा जावाचे जेएक्स्ट्रॅक्ट हेडर फाइल वाचून त्या काढून देतात. माणसाने तिथे मेहनत घेऊन काही मिळत नाही.

हेडर फाइलमध्ये जे लिहिलेले नसते

आता एकच फंक्शन जवळून पाहू. लिबसीरियलपोर्टमधले थांबून वाचणारे फंक्शन चार गोष्टी घेते: पोर्टाचा पॉइंटर, बफरचा पॉइंटर, किती बाइट हवेत तो आकडा, आणि मिलिसेकंदांत टाइमआउट. परत एक आकडा देते.

समजा मॉडबसवरून दहा रजिस्टरे मागितली. उत्तर २५ बाइटांचे येते: पत्त्याचा एक, फंक्शनचा एक, लांबीचा एक, माहितीचे वीस आणि सीआरसी या तपासणीच्या आकड्याचे दोन. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट), प्रत्येक बाइटामागे पॅरिटीचा तपासणी-बिट धरून ११ बिट, म्हणजे हे उत्तर तारेवरून यायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. तुम्ही २५ बाइट मागितले आणि टाइमआउट २० मिलिसेकंदांचा दिला, तर फंक्शन १७ असे काहीतरी परत देईल. ही चूक नाही. 'एवढे आले, वेळ संपली' असा त्याचा अर्थ. उणे आकडा आला तरच ती चूक. आणि टाइमआउट शून्य दिला तर? या लायब्ररीत शून्याचा अर्थ 'कितीही वेळ थांबा' असा आहे. पायसीरियलमध्ये शून्याचा अर्थ 'अजिबात थांबू नका'. खाली टर्मिऑसमध्ये तर वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत मोजतात आणि ती २५.५ सेकंदांच्या पुढे जात नाही. एकच शून्य, अर्थ अगदी उलटे, आणि प्रकारांकडे पाहून यातले काहीही कळत नाही.

म्हणून रॅपर, म्हणजे लायब्ररीभोवतीचे आपल्या भाषेतले आवरण, लिहिताना टाइमआउटसाठी नुसता आकडा वर येऊ देऊ नका. नव्या भाषांमध्ये कालावधीसाठी वेगळा प्रकार असतो, पर्यायी मूल्यासाठी वेगळा. 'कायम थांब', 'इतका वेळ थांब' आणि 'थांबू नको' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या तीन वेगळ्या नावांनीच दिसाव्यात. परतीच्या आकड्याचेही तेच. उणे एक म्हणजे चुकीचा आर्ग्युमेंट, उणे दोन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची चूक, उणे तीन म्हणजे मेमरी संपली, उणे चार म्हणजे ही सोय उपलब्ध नाही. रस्टमध्ये याचा 'रिझल्ट' करा, कॉटलिनमध्ये स्वतःचा अपवाद, गोमध्ये 'एरर'. उणे दोन हा आकडा रॅपरच्या वर कुठेही दिसता कामा नये.

उणे दोनची आणखी एक खोच आहे. नेमके काय बिघडले ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'एररनो' या आकड्यात असते आणि तो लगेच वाचावा लागतो. तो प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो. गोमध्ये गोरुटीन दोन सी कॉलच्या मधे एका थ्रेडवरून दुसऱ्या थ्रेडवर जाऊ शकते. पहिल्या कॉलने चूक सांगितली, दुसऱ्या कॉलने कारण विचारले, पण विचारले भलत्याच थ्रेडवर. मग हाती येते ते कुठल्या तरी दुसऱ्याच कामाचे कारण, नाहीतर 'सर्व ठीक'. त्यावर उपाय दोन: सीगोच्या सोयीने त्याच कॉलबरोबर एररनो घ्यायचा, किंवा दोन्ही कॉल होईपर्यंत गोरुटीनला थ्रेडशी बांधून ठेवायचे. पायथनच्या सीटाइप्समध्येही एररनो जपून ठेवण्याची सूचना आधी द्यावी लागते.

मेमरीचा नियम त्या मानाने सोपा आहे: भांडी ज्या दुकानातून भाड्याने आणली त्याच दुकानात परत द्यायची. लायब्ररीने दिलेला पोर्टाचा पॉइंटर तिच्याच फंक्शनने मोकळा करायचा, चुकीच्या संदेशाचा मजकूरही तिच्याच फंक्शनने. उलट बाजूने, आपला बफर लायब्ररीला दिला असेल तर कॉल संपेपर्यंत तो जागचा हलता कामा नये. जावा किंवा सी शार्पसारख्या भाषांत गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी गोळा करणारा) वस्तू हलवतो, म्हणून तिथे बफर कलेक्टरच्या कक्षेबाहेर घ्यावा लागतो किंवा जागी खिळवून ठेवावा लागतो. लायब्ररी कॉलबॅक मागत असेल तर जास्तच जपावे लागते. तुमच्या भाषेत त्या कॉलबॅककडे बोट दाखवणारे कोणी उरले नाही की कलेक्टर तो उचलतो, आणि लायब्ररी मात्र जुन्या पत्त्यावर हाक मारत राहते.

रस्टचा खरा फायदा इथे दिसतो. पॉइंटर एका स्ट्रक्टमध्ये ठेवला आणि 'ड्रॉप'मध्ये पोर्ट बंद करून मोकळा केला, की विसरण्याचा प्रश्नच मिटतो. वाचण्याची मेथड स्ट्रक्टचा अनन्य हक्क मागत असेल तर एक थ्रेड वाचत असताना दुसऱ्याने पोर्ट बंद करणे कंपाइलरच होऊ देत नाही. सीमध्ये हीच गोष्ट 'कृपया असे करू नका' अशा एका ओळीच्या टिपणीवर सोडलेली असते, आणि तीही असलीच तर.

वाट पाहण्याचा प्रश्न

सीरियल पोर्ट संगणकाच्या मानाने अत्यंत हळू आहे. ९६०० बॉडवर, पॅरिटीशिवाय, एक बाइट यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात प्रोसेसर लाखो सूचना उरकतो. सी लायब्ररी लिहिली गेली तेव्हा उपाय सरळ होता: थ्रेड थांबवून ठेवायचा. नव्या भाषांना मात्र थांबलेले थ्रेड आवडत नाहीत. कॉटलिनची कोरुटीन, रस्टचा एसिंक, गोची गोरुटीन या सगळ्यांची मांडणी मोजक्या थ्रेडवर हजारो कामे फिरवण्यावर उभी आहे. अशा ठिकाणी थांबून वाचणारा सी कॉल टाकला की तो थ्रेड अडकतो. दोन-चार पोर्ट असे उघडले तर दिसायला सगळा प्रोग्राम गोठतो, प्रोसेसर मात्र रिकामाच असतो.

गो अशा वेळी स्वतःहून दुसरा थ्रेड उभा करते. रस्टच्या टोकिओ या एसिंक रनटाइममध्ये असे काम थांबणाऱ्या कामांच्या वेगळ्या थ्रेडांकडे पाठवावे लागते, कॉटलिनमध्ये आयओ डिस्पॅचरकडे. पण त्यानेही एक गोष्ट सुटत नाही. कॉटलिनमध्ये कोरुटीन रद्द केली, तरी आत थांबलेल्या सी कॉलला त्याचा पत्ता नसतो. तो टाइमआउट होईपर्यंत बसूनच राहतो. त्यामुळे मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत अशी: प्रत्येक पोर्टासाठी एक स्वतंत्र थ्रेड, त्यात १०० मिलिसेकंदांच्या आसपासचे छोटे टाइमआउट देऊन फिरणारे लूप, प्रत्येक फेरीत 'थांबायचे का' ही तपासणी, आणि आलेले बाइट चॅनेलमधून बाहेर. पोर्टाला हात लावणारा थ्रेड एकच असल्यामुळे वरचा एररनोचा आणि बंद करण्याचा प्रश्नही बऱ्यापैकी सुटतो.

या लूपमधून आलेल्या तुकड्यांना संदेशाच्या सीमा नसतात, हेही पक्के धरा. एका वाचनात अर्धा संदेश येईल, पुढच्यात उरलेला अर्धा आणि दुसऱ्याची सुरुवात. मॉडबस आरटीयूमध्ये (मॉडबसच्या बायनरी प्रकारात) संदेश संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांची शांतता, ९६०० बॉडवर सुमारे ४ मिलिसेकंद. यूएसबीचे सीरियलमध्ये रूपांतर करणाऱ्या एफटीडीआय चिपचा लेटन्सी टायमर मात्र मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो. तोवर चिप थोडे बाइट स्वतःकडे साठवून ठेवते. म्हणजे तारेवरची ४ मिलिसेकंदांची शांतता आपल्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी शांतता मोजत बसू नका. लांबीचा बाइट वाचा, तेवढे बाइट जमवा आणि सीआरसी तपासा. ही जुळवाजुळव नव्या भाषेत, लायब्ररीच्या बाहेर लिहावी. तिथे ती पोर्टाशिवाय तपासता येते.

जावाची लायब्ररी कॉटलिन किंवा स्कालामधून

इथे वाट पुष्कळ सोपी आहे, कारण दोन्ही भाषा जावाच्याच जेव्हीएमवर (आभासी यंत्रावर) चालतात. जावाच्या मूळ संचात सीरियल पोर्टची सोय नाही. आरएक्सटीएक्स ही जुनी लायब्ररी बरीच वर्षे वापरात होती. तिचा त्रास असा, की सीचा भाग प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरसाठी वेगळा ठेवावा लागे. नंतरच्या जेसीरियलकॉमने तो भाग जार या जावाच्या पॅकेज फाइलमध्येच भरला आणि चालताना बाहेर काढून वापरला. आज नव्याने सुरुवात करायची तर मी हीच घेईन. कॉटलिन किंवा स्कालामधून हाक मारण्याला वेगळे काही लागत नाही. जावाचा वर्ग आपलाच असल्यासारखा वापरायचा.

धोके आहेत ते प्रकारांत. जावाकडून येणारी वस्तू रिकामी असू शकते का, हे कॉटलिनला माहीत नसते, म्हणून तिथे तिची नेहमीची तपासणी गप्प बसते. पोर्टाचे वर्णन किंवा बफर घेताना ती तपासणी आपण करायची. त्याहून नेहमी फसवणारी गोष्ट म्हणजे जावाचा बाइट चिन्हासहित असतो: उणे १२८ ते अधिक १२७. तारेवरून आलेला २४० हा बाइट हाती येतो तो उणे १६ होऊन.

याचा परिणाम एका उदाहरणात पाहू. तापमापक अंशाच्या दहाव्या हिश्श्यांत दोन बाइट पाठवतो, आधी वरचा, मग खालचा. ३० अंश म्हणजे ३००: वरचा बाइट १, खालचा ४४. वरचा आठ घरे डावीकडे सरकवून खालचा त्यात 'ऑर' केला की ३०० मिळतात. २५.६ ते ३८.३ अंशांपर्यंत सगळे ठीक चालते. ३८.४ अंशांना खालचा बाइट १२८ होतो, जावा त्याला उणे १२८ समजते, पूर्णांकात रूपांतर होताना वरचे सगळे बिट एक होतात आणि वरचा बाइट त्यात बुडून जातो. पडद्यावर येतात उणे १२.८ अंश. ३० अंशांच्या खोलीत चाचणी घेतली तेव्हा बरोबर, भट्टीजवळ नेले की चूक. उपाय एवढाच, की प्रत्येक बाइट पूर्णांकात नेल्यावर २५५ शी 'अँड' करायचा, आणि तो रॅपरमध्ये एकदाच करायचा. कॉटलिनचा चिन्हरहित बाइटचा प्रकार वापरला तरी चालेल, पण रूपांतर सीमेवरच व्हायला हवे.

तपासणी

लिनक्स किंवा मॅकओएसवर सोकॅट या साधनाने दोन आभासी पोर्ट एकमेकांना जोडता येतात. विंडोजवर कॉमझिरोकॉम तेच करते. लूप, जुळवाजुळव आणि टाइमआउट यांची चाचणी त्यावर होते. आभासी पोर्टाला बॉड रेटचे सोयरसुतक नसते, म्हणून खऱ्या पोर्टावरही एकदा पाहावेच लागते. नऊ पिनांच्या जोडणीत दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना तारेने जोडल्या की पाठवलेले सगळे परत येते. मग ० ते २५५ असे सगळे २५६ बाइट पाठवा आणि परत आलेले एकेक ताडून पाहा. १३ चा १० झाला तर टर्मिनलची अवस्था नीट उतरलेली नाही. १७ आणि १९ गायब असतील तर फ्लो कंट्रोल चालू आहे. १२७ च्या पुढचे सगळे उणे दिसले तर बाइटाचे चिन्ह सुटले आहे, आणि ते सगळे १२८ ने कमी असतील तर आठऐवजी सातच डेटा बिट लागले आहेत.

शेवटची चाचणी हाताने करायची: प्रोग्राम वाचत असताना यूएसबीची केबल उपटा. रॅपरने ठरावीक वेळात 'पोर्ट गेला' अशी स्वच्छ चूक द्यायला हवी, लूपमध्ये फुकट फिरत बसता कामा नये. मग केबल परत लावा. जुना पोर्ट नीट बंद केला नसेल तर लिनक्स त्याच यंत्राला पुढचा क्रमांक देतो, टीटीवाययूएसबी शून्यचा एक होतो, आणि प्रोग्राम नसलेल्या पोर्टाला हाका मारत राहतो. त्यामुळे चूक आली की आधी बंद, मग मोकळे, मग पुन्हा शोध हा क्रम रॅपरमध्येच लिहून ठेवा, आणि शोध घेताना क्रमांकाऐवजी लिनक्सने यंत्राच्या ओळखीवरून दिलेले कायमचे नाव वापरा.